कोटाच्या अस्तरातल्या सतरा नोटा

टेलरवहिनींना दोनच गोष्टींची भीती वाटत नसे, कात्रीची आणि कामाची. बाकी जगात जे जे म्हणून आहे त्या सगळ्याची वाटे. कुत्र्याची, लिफ्टची, बँकेतल्या फॉर्मची, दारात अनोळखी माणूस उभा राहिला तर त्याची, आणि ओळखीचा माणूस भलत्या वेळी आला तर त्याचीही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. वहिनींना तर तो दिसेनासा झाला की जास्त धास्ती वाटे, आता हा कुठून येतोय म्हणून.

अशी बाई वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एकटी परदेशात नोकरीला गेली. का गेली ते सांगायला फार वेळ लागत नाही. नवरा छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा, तो छापखाना बंद पडला. लेकीला नर्सिंगला जायचं होतं. आणि घरात बसून ब्लाउज-परकर शिवून महिन्याची भाजी निघत होती, फी निघत नव्हती. तिकडच्या एका मोठ्या इस्पितळाला शिवणकामाच्या बायका हव्या होत्या. चादरी, रुग्णांचे झगे, डॉक्टरांचे डगले, जे फाटेल ते शिवायचं. चाचणीला वहिनींना एक उसवलेली बाही दिली. त्यांनी ती सात मिनिटांत लावली. निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरातले सगळे हसत होते आणि वहिनी मोरीत जाऊन रडत होत्या.

आता मामंजी. म्हणजे वहिनींचे सासरे. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांच्या मनीऑर्डरी लिहिलेला माणूस. त्यांना दलालीचा मनस्वी तिटकारा. "पैसा देऊन पैसाच घ्यायचा, आणि मधल्याला वर पैसे मोजायचे? हा काय शहाण्याचा व्यवहार झाला?" बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, याच देशात जायचं ठरत होतं. तेव्हापासून मामंजींनी तिकडच्या नोटा जमवायला सुरुवात केली. सुट्टीवर आलेला वायरमन, ट्रकवरचा ड्रायव्हर, कुणाचा आचारी जावई, ज्याच्या खिशात तिकडची नोट उरली असेल त्याच्या घरी हे चहाला हजर. नोट उजेडात धरायची, कागदातली पुसट खूण बघायची, चोख किंमत मोजून द्यायची आणि नोटेच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक नंबर घालायचा. वहीत त्या नंबरापुढे कुणाकडून, कधी, कितीची. ऐन वेळी मुलगा वैद्यकीय तपासणीत नापास झाला आणि सतरा नोटा एका जाडजूड शब्दकोशात दाबून राहिल्या त्या राहिल्याच. पन्नासाच्या अकरा, विसाच्या सहा.

सुनेचं जायचं ठरलं तसा तो शब्दकोश उघडला. नोटा इस्त्री केल्यासारख्या निघाल्या. "घे सूनबाई," मामंजी म्हणाले, "एक पैसा दलाली न देता. खोलीची अनामत रक्कम भरून महिनाभर खाऊन-पिऊन उरतील." वहिनींना त्या क्षणी वाटलं, आपल्या सासऱ्यांइतका लांबचं बघणारा माणूस पंचक्रोशीत नसेल.

पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न वहिनींनी आपल्या पद्धतीनं सोडवला. जुन्या बाजारातून एक जाड कोट घेतला होता. त्याचं अस्तर उसवलं आणि प्रत्येक नोटेला आत स्वतंत्र घर शिवलं. नोटा एका जागी गोळा व्हायला नकोत म्हणून आडवे-उभे टाके. सतरावी नोट तेवढी हाताशी, चोरखिशात. नवऱ्यानं विमानतळावर थोडी मोड घेऊन दिली, पाचच्या आणि दहाच्या नोटा आणि नाणी, सगळी मिळून पंचेचाळीस. मामंजींना हे सांगितलं नाही, कारण तिथे दलाली द्यावी लागली होती.

तिकडे पोचल्या तो दिवस चोवीस तारखेचा. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या ऑफिसातल्या कारकुनानं नव्या बायकांना एका रांगेत बसवून नियम वाचून दाखवले. दुभाषी होता, त्यामुळे न कळायला वाव नव्हता. वीस तारखेनंतर आलेल्यांचा पहिला पगार पुढच्या महिनाअखेरीस. म्हणजे पाच आठवडे हातात काही नाही. कॉटची अनामत रक्कम चारशे, ती पंधरा तारखेच्या आत. भरली नाही तर कॉट दुसरीला, आणि राहायचा पत्ता नसेल तर नोकरीचा करार रद्द. दर शुक्रवारी खोल्यांची तपासणी. नियमाबाहेरचं काही सापडलं तर परतीच्या विमानात, तिकिटाचे पैसे पगारातून वळते करून. पोलिसांकडे जाण्यासारखं असेल तर पोलिसांकडे. वहिनींनी "पोलीस" एवढा शब्द घट्ट धरून ठेवला. बाकीचे नियम त्यांना पुन्हा विचारावे लागले.

खोलीत चार कॉट. दोघी रात्रपाळीच्या, त्या फक्त झोपलेल्याच दिसायच्या. तिसरी अक्का. ती इस्पितळाच्या धुलाईघरात घड्या घालायची. आपली भाषा बोलणारी, नऊ वर्षं तिथे काढलेली, अंगापिंडानं थोराड आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच संध्याकाळी तिनं वहिनींना चहा करून दिला आणि सांगितलं, "एक लक्षात ठेव. इथे पैशाचं कुणाशी बोलायचं नाही. किती आणले, कुठे ठेवले, कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही. मी विचारणारच नाही." चांगल्या मनानंच म्हणाली. एका बाईनं पूर्वी तिला चांगलंच फसवलं होतं. वहिनींनी मान डोलावली आणि कानाला खडा लावला. पुढचं सगळं त्या खड्यामुळे झालं असं मला वाटतं.

पहिले नऊ दिवस त्या मोडीवर काढले. विमानतळावरच्या पंचेचाळिसातले तेवीस गेले, साबण, मीठ, तांदूळ, फोनचं कार्ड. ड्युटीवर दुपारचं जेवण फुकट होतं. रोज रात्री कोट अंगावर ओढून झोपायच्या. कूस बदलली की आत नोटा किंचित कुरकुरायच्या आणि वहिनींना बरं वाटायचं. घरचं माणूस जवळ आहे असं.

दहाव्या दिवशी, बुधवारी, त्या कामावरून येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरल्या. आता मोठी नोट मोडायची, तेल-डाळ घ्यायची, आणि पगारापर्यंतचा बेत नीट बसवायचा. काउंटरवर विशीतली एक मुलगी होती. वहिनींनी चोरखिशातली सतरावी नोट काढून दिली. मुलीनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग शेजारच्या मुलीला दाखवली. तिनं खांदे उडवले. रांगेतली माणसं बघायला लागली. मुलीनं मागच्या बाजूला हाक मारली, तसा मालक आला, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं नोट दिव्यासमोर धरली. मग गल्ला उघडून एक पन्नासची नोट काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

तेव्हा वहिनींनी पाहिलं. गल्ल्यातली नोट हिरवी होती, यांची तपकिरी. गल्ल्यातली नोट बोटभर लहान. चित्र वेगळं, अंकाचं वळण वेगळं. दहाच्या आणि पाचच्या नोटा निराळ्या दिसतात यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. लहान नोटा निराळ्या असतातच. पण पन्नासची आणि पन्नासची?

मालक काहीतरी बोलला. त्यातलं "ही चालत नाही" एवढं वहिनींना कळलं. मग त्यानं खिशातून फोन काढला.

झालं. वहिनींनी तेल टाकलं, डाळ टाकली, नोटही टाकली आणि दुकानातून चालत्या झाल्या. मागून ती मुलगी ओरडत आली. वहिनींना शाळेत असतानाही कधी पळता येत नव्हतं, पण त्या दिवशी पळाल्या, तेही जाड कोट घालून. आणि पळताना अंगावर सोळा नोटा कुरकुरत होत्या. कालपर्यंत घरच्या माणसासारखा वाटणारा तो आवाज आता सगळ्या रस्त्याला ऐकू जातोय असं त्यांना वाटत होतं.

खोलीवर येऊन त्या कॉटवर बसल्या. नोटा खोट्या. मामंजींना कुणीतरी फसवलं. एकानं नाही, सगळ्यांनी मिळून. आणि ती खोटी नोट आपण भर दुकानात, कॅमेऱ्यासमोर, आपल्या हातानं दिली. नोट तिथेच राहिली, म्हणजे पुरावा तिथेच राहिला. दुकान इस्पितळापासून चार पावलांवर. आपल्या गळ्यात इस्पितळाचं कार्ड होतं, त्यावर फोटो होता.

शहाण्या माणसाला इथे एक शंका आली असती, की इतक्या वेगवेगळ्या माणसांनी एकाच पोस्टातल्या माणसाला एकसारख्या खोट्या नोटा कशा विकल्या? वहिनींना ती आली नाही. घाबरलेल्या माणसाला शंका येत नाहीत, खात्री असते.

"काय गं, चेहरा का उतरलाय?" अक्कानं विचारलं.

"काही नाही. डोकं दुखतंय."

"गोळी देऊ?"

"नको." ओठावर आलं होतं, अक्का, माझ्याकडे नोटा आहेत. पण पैशाचं कुणाशी बोलायचं नाही. मग वहिनींना वाटलं, बरंच झालं सांगितलं नाही ते. माहीत असूनही गप्प राहिली म्हणून उद्या हिलाही धरायचे.

गुरुवारी सकाळी त्या लांबच्या रस्त्यानं कामावर गेल्या, दुकान टाळून, चाळीस मिनिटं चालत. शिवणखात्यात बारा मशिनं होती. वहिनींचं मशीन दाराकडे तोंड करून. दार उघडलं की त्यांचा पाय पायट्यावरून सुटायचा. सुरक्षारक्षक चहाचा रिकामा कप ठेवायला आत आला आणि वहिनींनी एका डॉक्टरीणबाईंच्या डगल्याला डावी बाही उजव्या बाजूला जोडली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मुकादमीणबाईंनी बाही उचलून नुसतं बघितलं. वहिनींना वाटलं, यांना कळलंय.

आणि उद्या शुक्रवार. उद्या तपासणी. कोट खुंटीला लटकलेला असणार, कुणीतरी त्यावर हात ठेवणार, तो कुरकुरणार.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खाली गेल्या. वहिनी कोट मांडीवर घेऊन बसल्या आणि दोरे कापायच्या लहान कात्रीनं अस्तराचे टाके उसवायला लागल्या. एकेक घर उघडलं. पहिली नोट बाहेर आली आणि तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक आकडा दिसला. मामंजींचं अक्षर. एकचा आकडा ते मनीऑर्डरीवर काढत तसाच, वर टोपी घातलेला.

आतापर्यंत वहिनी स्वतःसाठी भीत होत्या. आता मामंजींसाठी. हे अक्षर पोलिसांच्या हाती लागलं तर? चौकशी घरापर्यंत जाईल. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं सरकारी खिडकीत बसला, एका पैशाचा डाग नाही, आणि त्याच्या दारात पोलीस उभे राहणार. दुकानातल्या त्या सतराव्या नोटेवरही याच अक्षरातला आकडा होता. तिचं आता काही करता येत नव्हतं. या सोळांचं करता येत होतं.

तळमजल्यावर धुलाईघराच्या मागे एक संडास होता, तिकडे फारसं कुणी जात नसे. वहिनींनी आतून कडी लावली. नोट दुमडायची, उभे काप, आडवे काप, नखाएवढे तुकडे. काप सरळ पडत होते. चार नोटा झाल्या की पाणी सोडायचं, मग टाकी भरेपर्यंत थांबायचं. टाकी भरायला इतका वेळ लागतो हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला दारावर थाप पडली. हातातली विसाची नोट ओल्या फरशीवर पडली. वहिनींनी तोंडावर हात दाबला. बाहेरचं माणूस थोडं थांबून निघून गेलं. वहिनींनी नोट उचलली, पदरानं पुसावी तशी कोटाच्या बाहीला पुसली, आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन तिचेही काप केले. पुसली कशाला, हे त्यांना पुढे कित्येक वर्षं कळलं नाही.

चार वेळा पाणी सोडलं. सहाशे वीस गेले. त्यात चारशे अनामत रकमेचे होते.

शुक्रवारी सकाळी तपासणीला दोघे आले. त्यांनी कॉटखाली वाकून पाहिलं, हवेत नाक वर करून वास घेतला, आणि रात्रपाळीच्या एकीच्या पेटीमागून विजेची शेगडी काढून घेऊन गेले. खुंटीवरच्या कोटाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. "मेल्यांना शेगड्यांशिवाय दुसरं काही दिसतच नाही," अक्का म्हणाली. "आग लागेल म्हणून. नऊ वर्षं बघतेय." वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुटल्याचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आता नवी भीती आली, आणि ही तर खरीखुरी होती. हातात बावीस. पंधरा तारखेला चारशे. दुपारचं फुकटचं जेवण तेवढं पोटात, सकाळ-संध्याकाळ मिठाची पेज. जेवणघरातून पावाचा एक तुकडा रुमालात बांधून आणला आणि दोन तास ही चोरी झाली का या विचारात काढले; शेवटी तो चोरटेपणानंच खाल्ला. घरून फोन आला की मामंजी विचारत, "सूनबाई, नोटा काढल्यास का?" वहिनी म्हणत, "आवाज नीट येत नाही मामंजी." आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तेरा तारखेला, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, वहिनी नळावर भांडं घासता घासता खाली बसल्या. अक्कानं दंडाला धरून उठवलं आणि त्यांच्या कपाटातला तांदळाचा डबा उघडून पाहिला. तळाशी मूठभर होते.

"किती दिवस झाले हे असं?"

"भूकच लागत नाही."

"मला शिकवू नकोस. ऊठ. दुकानात चल."

"त्या दुकानात नको."

"का? ते काय खातात तुला?"

अक्काच्या हातात जोर होता आणि वहिनींच्या अंगात नव्हता. पाचव्या मिनिटाला त्या दुकानाच्या दारात होत्या. काउंटरवर तीच मुलगी. तिनं वहिनींना पाहिलं, हातातलं सामान टाकलं आणि काउंटरला वळसा घालून पळत आली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. धरलं. संपलं.

मुलीनं त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं.

आत सतरावी नोट होती. सोबत एक चिठ्ठी, त्यावर मोठ्या बँकेच्या शाखेचा पत्ता आणि रस्त्याचा नकाशा हातानं काढलेला. मुलगी भराभरा बोलत होती, अक्का मराठीत सांगत होती. "म्हणते, तू इतकी का पळालीस? ती मागे धावली, पण तू काही थांबली नाहीस. ही जुनी नोट आहे. नोटा बदलून सात-आठ वर्षं झाली, दुकानात घेत नाहीत, पण बँकेत बदलून देतात. मालकानं फोनवर शोधून पत्ता लिहून दिलाय. दहा दिवस रोज तुझी वाट बघत होती म्हणे."

वहिनींनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. मग दुकानातल्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

"अगं, रडायला काय झालं? मिळाली ना नोट?"

"अक्का, आणखी सोळा होत्या."

"मग? आण की. सोमवारी बदलून घेऊ."

वहिनींनी सगळं सांगितलं. पोत्यावर बसूनच, रांगेतली माणसं वळसा घालून जात होती तरी. अक्का ऐकत उभी राहिली. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं वेडे, मला विचारायचंस की गं!"

"तुम्हीच म्हणाला होता, पैशाचं कुणाशी बोलायचं नाही. मलासुद्धा नाही म्हणाला होता."

अक्कानं तेल, डाळ, तांदूळ घेतलं, आपल्या पैशानं, आणि पिशवी स्वतःच उचलून चालू लागली.

सोमवारी पंधरा तारीख. सकाळी कामावर जाण्याआधी अक्का वहिनींना घेऊन ऑफिसात गेली आणि त्याच कारकुनासमोर उभी राहिली. अनामत रक्कम पगारातून चार हप्त्यांत कापून घ्यायची सोय होती. एक कागद होता, खाली सही करायची. नियम वाचताना तो त्यानं सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. वहिनींनी सही केली. कॉट राहिली, नोकरी राहिली. इतकं सोपं होतं, आणि ते सोपं होतं याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

दुपारी बँकेत गेल्या. काचेपलीकडची बाई वयस्कर होती. तिनं तपकिरी नोट घेतली, पेन्सिलीच्या आकड्याकडे क्षणभर पाहिलं, काही विचारलं नाही, आणि एक हिरवी नोट सरकवली. मग एवढंच म्हणाली, आणखी असतील तर कधीही आणा, याला मुदत नाही. अक्कानं त्याचा अर्थ सांगितला नाही. वहिनींना तो कळला होता.

रविवारी घरून फोन आला. आज मामंजी तयारीनं बसले होते. मागे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"हं, सूनबाई. मला खुणा करायच्या आहेत. एक नंबर, वायरमनची, पन्नास."

वहिनींनी कोट जवळ ओढला. उसवलेलं अस्तर तसंच लोंबत होतं. वर टोपी घातलेला तो एकचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"झाली मामंजी. खोलीच्या अनामत रकमेला."

"शाबास. दोन नंबर, तीही त्याचीच."

"तीही."

असं चाललं. आचाऱ्याच्या तीन, ड्रायव्हरच्या दोन. मामंजी नंबर घेत, माणूस सांगत, त्या दिवशी त्याच्याकडे चहा कसा होता तेही सांगत, आणि वहिनी प्रत्येकीला हो म्हणत. बाराव्या नंबरावर त्या जरा थांबल्या. ती विसाची होती, ओल्या फरशीवर पडलेली.

"बारा नंबर? ऐकू येतंय का?"

"येतंय. तीही कामाला आली."

"आणि सतरा," मामंजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी वहीतलं वाचलं नाही. "ही तुला ठाऊक नसेल. पोरगा तपासणीत नापास झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतली मी ही. सगळे म्हणाले, म्हातारा वेडा झाला, आता कोण जाणार आहे? मी म्हटलं, घरातलं कुणीतरी जाईल. तिचं काय झालं?"

इतका वेळ वहिनी खोटं बोलत होत्या आणि आवाज कापला नव्हता. आता खरं बोलायचं तर कापायला लागला.

"तिनंच जेवायला घातलं, मामंजी. सगळ्यात आधी तीच काढली होती मी. बँकेतल्या बाईनं काही न विचारता घेतली."

"बघ!" मामंजी घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. पेन्सिलीनं शेवटची खूण केल्याचा आवाज आला. "सतरा बरोबर सतरा. दलाली शून्य." मग आवाज खाली आणून विचारलं, "जेवलीस का?"

"जेवले," वहिनी म्हणाल्या. तेही त्या दिवशी खरं होतं.